शंका असल्यास रविवारी यावे

"अहो एकटे वाघ, स्वल्पविराम, आपण चंद्रावर कांदे लावायचे म्हणता, स्वल्पविराम, तर त्यांना रोज पाणी घालायला आपण जाणार की आपले तीर्थरूप, प्रश्नचिन्ह. तिथल्या मातीत काय आहे ते आपण मोजलंत का, प्रश्नचिन्ह. बातमी छापणाऱ्याने मोजलं का, प्रश्नचिन्ह. मग कांदे उगवले कुठे, उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह, नको, एक काढ, एकच ठेव. शंका असल्यास रविवारी सकाळी घरी यावे, पूर्णविराम. पोहे मिळतील, पूर्णविराम."

"मेथीऽऽ, कोथिंबीऽऽर," खालून भाजीवाला.

काका गॅलरीतून मोबाईलला मजकूर सांगत असले की तो बिचारा त्यांच्या पूर्णविरामासाठी हातगाडी धरून उभा असायचा. काकांचं वाक्य चालू असताना ओरडण्यात अर्थ नव्हता, कारण त्याची मेथी चौथ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत काकांच्या आवाजाखाली चिरडून जायची. पूर्णविराम ऐकला की तो घशाला वाट द्यायचा. आणि काका "नवा परिच्छेद" म्हणाले, की तो मुकाट्याने गाडी पुढच्या गल्लीत वळवायचा.

बिबवेवाडीतल्या त्या घरात मी भाडेकरू होतो आणि काका माझे घरमालक. माझी नोकरी हिंजवडीत. कंपनीच्या बसमध्ये आयुष्याचा इतका भाग गेलाय की रेशनकार्डावर पत्ता म्हणून त्या बसचा नंबर घालावा असं एकदा मनात आलं होतं. अशा माणसाला घरी आल्यावर शांतता लागते. ती त्या घरात नव्हती, आणि तरी मी तिथे इतकी वर्षं का राहिलो ते मला परवा कळलं.

परवा मोबाईलवर कुठल्याशा बातमीखालची भांडणं वाचत होतो. बातमी होती, एक यंत्र माणसासारखं स्वप्न बघायला लागलं. खाली नेहमीचा बाजार. शंभर जणांचं हसणं, पन्नास जणांच्या शिव्या, एकाची कर्जाची जाहिरात. आणि त्या सगळ्या चिखलात एक ओळ: "यंत्राला स्वप्न पडलं हे मोजलं कोणी? शंका असल्यास रविवारी सकाळी घरी यावे. नानकटाई मिळेल." बाजूला गुलाबाच्या फुलाचा फोटो. मी हातातला चहा टेबलावर ठेवला. काका जाऊन आता दोन पावसाळे झाले.

तर काका. उंची बेताची, पण आवाज असा की कात्रजच्या डोंगरातले मोर तो ऐकून ढग आले समजायचे. त्यांची सगळी हयात एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात गेली. बनून आलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि त्यावर शेरा मारायचा. पास, रीवर्क म्हणजे पुन्हा कर, किंवा भंगार. चौथा शेरा जगात नाही. आजूबाजूला इतकी यंत्रं धडधडायची की साधं "डबा खाल्ला का" हेही ओरडून विचारावं लागायचं. काका निवृत्त झाले, यंत्रं मागे राहिली, ओरडणं तेवढं बरोबर आलं.

काकूंचं बरोबर उलटं. त्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून अख्खं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं ऐकलेलं. लोकांचे जन्म, मरणं, साखरपुडे, भाऊबंदकी, सगळं त्यांच्या एका कानातून गेलं होतं. निवृत्त होताना त्यांच्याजवळ बोलायला म्हणून फार थोडे शब्द शिल्लक राहिले असावेत, आणि ते त्या जपून वापरायच्या. घरात काकांची चार पानं झाली की काकूंची एक ओळ यायची. बहुतेक वेळा त्या ओळीने चारही पानं फाटायची.

मी खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी माझं गाव, जात, पगार, लग्न यातलं काहीएक विचारलं नाही. छताकडे बोट दाखवून म्हणाले, "या पंख्याने खोली गार होते का?"

मला वाटलं पंख्याचं कौतुक करायचं आहे. म्हटलं, "हो, छान गार होते की."

"मोजलंत का?"

"नाही."

"भंगार," काका म्हणाले. "पंख्याने वारा लागतो आणि माणसाला गार वाटतं. खोलीला त्याचं काही नाही. बंद खोलीत पंख्याची मोटर फिरून खोली उलट किंचित तापतेच. कंपनीत काय करता?"

"सॉफ्टवेअर."

"पंखा माहीत नाही आणि यंत्राला अक्कल शिकवताय."

आतून काकूंचा आवाज आला, "त्यांना खोली द्यायची आहे की परीक्षा घ्यायची आहे?"

खोली मिळाली. पण तेव्हापासून जगात विज्ञानाच्या आणि तंत्रज्ञानाच्या नावाखाली जे काही घडेल त्याला जबाबदार मी. सकाळी जिन्यात बूट घालत असलो की वरून हाक. "अहो हिंजवडी, तुमचा तो यंत्रमानव आज कोणाची नोकरी खाणार म्हणतो?" मी बाराही महिने या सगळ्या यंत्रमानवांचा सख्खा मामा असल्यासारखा मान खाली घालून बस पकडायचो.

"मोजलंत का?" हा त्यांचा श्वास होता. काकू म्हणाल्या चहा गार झाला, की "मोजलास का?" लग्नाच्या मांडवात गुरुजी म्हणाले मुहूर्ताला थोडाच वेळ उरलाय, की "थोडा म्हणजे किती? मोजलात का?" एकदा डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर जास्त आहे असं सांगितलं. काका इतके खूश झाले की त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. "शाब्बास. आजकाल मोजून बोलणारी माणसं राहिली नाहीत." ब्लडप्रेशर आणखी वाढलं ते त्या आनंदाने, असं मी म्हणतो. मी दहाचे शंभर करणारा माणूस, आणि हे लिहितानाही ते मागे उभे राहून विचारताहेत असं वाटतं. मोरांचं खरं का? मोजलेत का मोर?

मोबाईलवरच्या भांडणांचं व्यसन त्यांना लेकीमुळे लागलं. ती परदेशी गेली तेव्हा बापाला फोन देऊन गेली, बोलायला. बोलणं आठवड्यातून एकदा व्हायचं. मधल्या दिवसांत त्यांना शोध लागला की या फोनमध्ये बातम्या येतात, बातम्यांखाली वाटेल तो, 'एकटा वाघ', 'लाडका दादा' असलं नाव घेऊन, वाटेल ते लिहितो, आणि त्यावर शेरा मारायला तिथे कोणीच नेमलेलं नाही. त्या दिवशी ते पुन्हा नोकरीवर रुजू झाले. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि गॅलरीतल्या खुर्चीत बैठक. बारीक अक्षरांवर बोट पडायचं नाही म्हणून बोलून लिहायचे. फोन तोंडासमोर मक्याच्या कणसासारखा धरलेला.

पण त्यांना विरामचिन्हांशिवाय वाक्य म्हणजे बटणांशिवाय शर्ट वाटायचा, आणि त्यांच्या फोनला विरामचिन्हं कळत नव्हती. काका "स्वल्पविराम" म्हणाले की तो इमानदारीत अक्षरांत "स्वल्पविराम" लिहायचा. "एक काढ" हेही लिहायचा. जगाला वाटायचं हा कोणी वेडा आहे. काकांना वाटायचं आपलं लेखन निर्दोष चाललंय, कारण लिहिलेलं परत वाचायला चष्मा शोधावा लागायचा.

शिवीगाळ मात्र कधीही नाही. समोरच्याने बापजाद्यांचा उद्धार केला तरी काका "अहो" आणि "आपण" सोडायचे नाहीत. "अहो लाडके दादा, स्वल्पविराम, आपण मला म्हातारचळ लागला म्हणालात, स्वल्पविराम, ते खरं धरू, पूर्णविराम. पण पाण्यावर स्कूटर चालते याला तो पुरावा कसा होतो, प्रश्नचिन्ह." 

आणि शेवटी ते आमंत्रण. काकांचा सिद्धान्त होता की वाद शब्दांनी मिटत नाही, समोर बसून प्रयोग केला की मिटतो. म्हणून ज्याच्याशी भांडण त्याला रविवारी घरी बोलवायचं. घराचा पत्ता मजल्यासकट देऊन टाकायचे.

"चोर आले तर?" काकूंनी एकदा विचारलं.

"येऊ देत. आधी वाद घालावा लागेल."

"मग नाही येणार," काकू म्हणाल्या.

चोर आले नाहीत आणि वाघही आले नाहीत. पण आमंत्रण गेलंय म्हटल्यावर घर तयार असायला हवं, म्हणून काकू दर रविवारी मोठ्या कढईत पोहे करायच्या, वरून ओलं खोबरं. काका दाराजवळच्या खुर्चीत, समोर टेबलावर थर्मामीटर, वजनकाटा, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. साडेनऊ, दहा, साडेदहा. जिन्यात पाऊल वाजलं की ते शर्टाची कॉलर सारखी करायचे. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. अकराला काकू हाक मारायच्या, "हिंजवडी, या." आणि महाराष्ट्रभरच्या अज्ञानी जनतेच्या वाटचे पोहे मी एकटा खायचो. माझं वजन तिथे इतकं वाढलं की कंपनीची बस माझ्या बाजूला कलायची.

या सगळ्या गर्दीत एक माणूस मात्र टिकून होता. नाव लिहिलेलं नसायचं, गुलाबाचा फोटो असायचा. काका त्याला "अहो गुलाब" म्हणायचे. हा गुलाब काकांच्या प्रत्येक शेऱ्यावर उलटा शेरा मारायचा, तोही तितक्याच शुद्ध मराठीत आणि तितक्याच अदबीने. "साहेब, आपला मुद्दा वाचून करमणूक झाली. आता चुकलंय कुठे ते सांगतो." काका या वाक्यावर तापायचे, बनियनपर्यंत घाम यायचा, आणि तरी सकाळी फोन हातात घेतला की आधी गुलाब उमललाय का ते बघायचे. एकदा तो आठवडाभर दिसला नाही, तर काका मला विचारायला आले. "अहो हिंजवडी, असा माणूस दिसेनासा झाला तर चौकशी कुठे करायची असते?"

मग ती बातमी आली. गरम पाणी गार पाण्यापेक्षा लवकर गोठतं.

काका गॅलरीत उभे राहिले. बसून हे होण्यासारखं नव्हतं. "भंगार, पूर्णविराम. गरम पाण्याला आधी गार व्हावं लागेल, स्वल्पविराम, मग गोठावं लागेल, पूर्णविराम. मागून निघालेला पुढे कसा पोचेल, प्रश्नचिन्ह."

गुलाबाचं उत्तर तासाभरात. "साहेब, पोचतो. मी पाहिलंय. जगात सगळंच आपल्या कारखान्यातल्यासारखं रांगेने चालत नाही."

कारखान्याचं नाव काढलं. काका म्हणाले, आणि अख्ख्या गल्लीने ऐकलं, "आपलं म्हणणं खरं ठरलं तर मी या जागेवर पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही, पूर्णविराम. माझं खरं ठरलं तर आपण लिहायचं नाही, पूर्णविराम. रविवारी यावे."

खाली भाजीवाल्याला हा पूर्णविराम कळला असावा. त्याने मेथी म्हटलं नाही.

काकू आत पोळ्या लाटत होत्या. मी पाणी मागायला गेलो तर लाटणं थांबलेलं. "एक अक्षर नाही म्हणाले?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कायमचं?"

"तसंच म्हणाले."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि पोळी उलटली.

रविवारी साडेनऊला जिन्यात पाऊल वाजलं आणि आमच्या दाराशी थांबलं. काका इतक्या वर्षांच्या सवयीने कॉलर सारखी करून बसूनच राहिले. दार मी उघडलं. समोर पांढरा स्वच्छ झब्बा, मेंदी लावलेली दाढी, सोनेरी काडीचा चष्मा. "येरवड्याहून आलोय. साहेबांनी बोलावलंय."

हेच ते गुलाब. लष्कर भागात त्यांचं चष्म्याचं जुनं दुकान, आजोबांपासूनचं. आता मुलं बघतात. यांना गल्ल्यावर बसू देत नाहीत, कारण गिऱ्हाइकाने "मला स्पष्ट दिसतंय" म्हटलं की हे म्हणायचे, "आपल्याला वाटतंय." मी त्यांना पहिल्या दिवसापासून चाचा म्हटलं.

मला वाटलं आता गॅलरी कोसळणार. एकमेकांची सालटी काढणारे दोन वाघ एका सोफ्यावर. आणि झालं काय?

"बसा ना आपण."

"आपण बसा आधी."

"येताना त्रास नाही ना झाला?"

"छे छे. मी आपल्याला स्वल्पविरामांवरून ओळखतो बरं का."

"म्हणजे?"

"काही नाही. फार सुंदर लिहिता आपण."

अर्धा तास ते गुडघेदुखीवर बोलले. भांडण काढायची कोणाची छाती होईना. शेवटी काकूंनीच विचारलं, "पाणी तापत ठेवू?"

प्रयोगाची तयारी अशी की अवकाशात यान सोडायचं असतं तरी यापेक्षा कमी केली असती. चाचांनी घरून दोन वाट्या आणल्या होत्या, काकांना त्यांच्यावर विश्वास नव्हता. काकांच्या वाट्यांवर चाचांचा नव्हता. शेवटी काकूंच्या रुखवतातल्या सेटमधल्या दोन घेतल्या. काकांनी मायक्रोमीटर लावून त्यांची जाडी मोजली. पाणी वजन करून भरलं. एकीत चहाला उकळतो तेवढं गरम, एकीत माठातलं. थर्मामीटर दोघांनी आळीपाळीने वाचला, एकमेकांचा चष्मा नको म्हणून आपापल्या चष्म्याने. काकूंनी गरम वाटीला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, गार वाटीला हळदीचं.

आता वाट्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या कोणी? काकांनी ठेवल्या तर चाचांना शंका, चाचांनी ठेवल्या तर काकांना. मी हिंजवडीचा, म्हणजे मुळातच संशयित.

"वहिनी ठेवतील," चाचा म्हणाले. "त्या तटस्थ आहेत."

"तिला यातलं काही पडलेलंच नाही," काकांनी दुजोरा दिला.

काकूंनी वाट्या आत ठेवल्या, फ्रीजचं दार लावलं, आणि दारापुढे स्टूल घेऊन सोलायला मटार घेतले.

त्या दीड-दोन तासांत पोहे झाले, चहा झाला, परत चहा झाला. काका दर पाच मिनिटांनी फ्रीजकडे बघत. मग काकूंनी उठून दोन्ही वाट्या काढल्या आणि काकांच्या पुढ्यात ठेवल्या. काकांनी आधी कुंकवाची वाटी उलटी धरली. काही पडलं नाही. टकटक वाजवली. दगड. मग त्यांनी हळदीची वाटी उलटी केली. वरचा बर्फाचा पापुद्रा फुटला आणि आतलं पाणी त्यांच्या लेंग्यावर, गुडघ्यापाशी सांडलं.

काका त्या ओल्या गुडघ्याकडे बघत राहिले. पुसला नाही. मग कुंकवाच्या वाटीवर बोट ठेवून म्हणाले, "पास." चाचांना हात जोडले. "आपलं बरोबर. माझं चुकलं. पूर्णविराम." हा पूर्णविराम त्यांनी इतक्या हळू म्हटला की मला शेजारी बसून नीट ऐकू आला नाही.

चाचांना सोडायला मी खाली गेलो. जिंकलेला माणूस असा जिना उतरताना मी पाहिला नव्हता. "मला वाटलं होतं हरेन," ते म्हणाले. "मग पुढच्या रविवारी परत येऊन भांडीन."

आणि काका गप्प झाले.

दिलेला शब्द म्हणजे त्यांच्या दृष्टीने मारलेला शेरा. तो पुसायचा नसतो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे, बातम्या वाचायचे, ओठ हलायचे. कधीतरी चुकून तोंडातून नुसतंच "स्वल्पविराम" निसटायचं आणि ते इकडेतिकडे बघायचे. भाजीवाल्याचं तंत्रच बिघडलं. ओरडायचं कधी तेच त्याला कळेना. चौथ्या दिवशी तो जिना चढून वर आला. "बाबा बरे हायत ना?"

काकू पहिले काही दिवस डोळे मिटून खुर्चीत बसायच्या. चेहऱ्यावर असं समाधान, जसं आयुष्यभर कानाला लावलेलं ते यंत्र कोणीतरी आत्ताच काढून ठेवलंय. मग हळूहळू मला घरातून मिक्सरचा आवाज यायला लागला, भलत्या वेळी. रेडिओ लागायला लागला. एकदा बघितलं तर रिकामा मिक्सर फिरत होता आणि काकू शेजारी उभ्या.

पण गप्प बसण्यापेक्षाही वाईट एक गोष्ट झाली. काकांना एक नवा शब्द लागला.

"चहा गार झालाय," काकू म्हणाल्या.

"असेल."

"लेक म्हणते तिकडे यंदा थंडी फार आहे."

"असेल."

मी मुद्दाम जाऊन बसलो. म्हटलं, "काका, आमच्या ऑफिसात एक यंत्र आलंय. नुसतं तोंडाकडे बघून माणसाच्या मनातलं सांगतं. परवा त्याने साहेबांचं दुसरं लग्न ओळखलं." एवढी रसरशीत थाप मी जन्मात मारली नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं, खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं.

"असेल," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. काकूंच्या हातून भांडं पडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

तिकडे गुलाबही कोमेजला होता. प्रत्येक बातमीखाली लिहायचा, "साहेब असते तर म्हणाले असते की मोजलंत का." मग त्याने आमिष लावायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या चष्मे विकणाऱ्या या माणसाने चारचौघांत लिहिलं, "उशाखाली लोहचुंबक ठेवून झोपल्यास चष्म्याचा नंबर उतरतो. स्वतः अनुभव घेतलाय." मी ते काकांसमोर धरलं. त्यांचे कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. फोन माझ्या हातात परत दिला, उठून मोरीत गेले, दार लावलं आणि नळ पूर्ण सोडला. नळाच्या आवाजाखाली आतून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं, विरामचिन्हांसकट.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "रोज जातात," त्या म्हणाल्या. "टाकी रिकामी होते."

त्याच्या पुढच्या रविवारी पोहे नव्हते. आमंत्रणच नव्हतं तर पोहे कशाला. मी उगाच सवयीने खोलीतून बाहेर येऊन बसलो होतो. काकू खोबरं खवत होत्या, काका दाराजवळच्या खुर्चीत, समोर टेबल मोकळं. साडेनऊला बेल वाजली.

चाचा होते. हातात नानकटाईची पुडी. बसले, पाणी प्यायले, आणि गुडघेदुखीवर न जाता थेट म्हणाले, "साहेब, मी आपला शब्द आपल्याला परत देतो. लिहायला लागा."

"शब्द म्हणजे भाड्याची सायकल नव्हे, परत द्यायला," काका म्हणाले. "निकाल लागलाय. वाटी मी स्वतः उलटी केली."

"मग मी भांडू कोणाशी?" चाचांचा आवाज चढला. काकांच्या घरात प्रथमच चढला. "तिथे मी काहीही लिहिलं तरी लोक नुसते हसरे चेहरे पाठवतात. लोहचुंबकाचं लिहिलं तर बारा जणांनी मला धन्यवाद दिले. धन्यवाद. एक माणूस विचारायला आला नाही की बाबा रे, मोजलंस का. घरी मुलं म्हणतात, अब्बा, बरोबर आहे तुमचं. सगळे म्हणतात बरोबर आहे. असं कोणी जगतं का?"

 मला वाटलं आता काका "असेल" म्हणणार, आणि ते म्हणाले असते तर मी खोली सोडली असती, खरंच सोडली असती.

"ती गार पाण्याची वाटी नारळाच्या डब्यावर होती," काकू म्हणाल्या.

खवणीचा आवाज चालूच होता. कोणाला आधी काही कळलं नाही.

"कसला डबा?" काकांनी विचारलं.

"खवलेल्या नारळाचा. प्लास्टिकचा. त्याच्यावर हळदीची वाटी ठेवली. कुंकवाची खाली कप्प्यातल्या बर्फावर टेकवली. गरम होती, बर्फ वितळवून आत जाऊन बसली. एक गारठ्यात रुतलेली आणि एक माळ्यावर. खालची आधी गोठणारच."

काका उभे राहिले. "जागा नव्हती म्हणून?"

"जागा होती."

मी चाचांकडे पाहिलं. येरवड्याहून दोन बस बदलून आलेला, प्रयोग जिंकलेला आणि या क्षणी हरलेला तो माणूस असा हसत होता की मेंदीची दाढी थरथरत होती. "वा वहिनी," ते पुटपुटले. "वा."

आणि मग काकांच्या छातीतून तो आवाज निघाला. इतके दिवस मोरीत कोंडलेला, नळाखाली दाबलेला, कारखान्यातला खणखणीत आवाज. खिडकीची काच थरथरली. समोरच्या इमारतीतली दोन दारं उघडली. खाली हातगाडीची चाकं करकरून थांबली, ते तर मी शपथेवर सांगतो.

"तटस्थ म्हणून ठेवलं होतं तुला. वाट्यांची जाडी मोजली, पाणी मोजलं, आणि तू डब्यावर ठेवलीस? हा प्रयोग रद्द. निकाल रद्द. रीवर्क. सगळं पहिल्यापासून. अगं, मी तोंड शिवून बसलो, हा माणूस लोहचुंबक विकायला लागला, आणि तुला माहीत होतं? तेव्हाच का नाही बोललीस?"

"घरात शांतता हवी होती."

"मग आता कशाला सांगतेस?"

काकूंनी खवलेलं खोबरं डब्यात भरलं, झाकण दाबून लावलं, आणि पोह्यांची मोठी कढई खाली काढली.

"ती शांतता वापरून बघितली. नाही आवडली."